दात शेवटी बघायचे

"हात लावू नका! कुणीबी हात लावू नका! पंचनाम्याआधी मुडदा हलवत नसतेत, एवढंबी माहीत नाय का?"

ओरडत होते आमचे त्रिंबकमामा साळुंके, कारखान्याचे इलेक्ट्रिकल फोरमन. मुडदा म्हणजे आमचा सर्व्हर. आणि ज्या हाताला ते ओरडत होते तो हात माझा होता. माझं बोट रीसेटच्या बटणापासून एक इंचावर होतं, ते तिथंच गोठलं. मामांचा आवाजच तसा. त्यांनी वाळूजला आमच्या कारखान्यात "चहा" म्हटलं की तिकडं पडेगावात कुणीतरी आधण चढवायचं.

"मामा, गाडी उभी आहे हो," मी म्हणालो. मी डिस्पॅचला. ब्रेकचे सुटे भाग भरलेली हबीबभाईंची गाडी गेटवर उभी होती, आणि चलन छापून हातात पडल्याशिवाय गेटवाला गाडी सोडत नाही. चलन निघतं सर्व्हरमधून. सर्व्हर थिजलेला. पडद्यावर सगळं जागच्या जागी, पण घड्याळ अकरा सत्तावन्नला थांबलेलं आणि माऊसचा बाण दगडात कोरल्यासारखा.

"उभी हाय तर उभी राहू द्या. गाडी काय बाळंत होऊ राह्यली का?"

मामांनी कीबोर्ड पुढं ओढला आणि कॅप्स लॉकचं बटण एकदा दाबलं. मग पुन्हा. कीबोर्डवरचा चिमुकला दिवा काही लागला नाही.

"बघितलं? दिवा लागला असता तर आतला जीव शाबूत हाय, नुसता पडदा गेला असं समजायचं. डॉक्टर डोळ्यात बॅटरी मारतो की नाय, तसं. हितं बाहुलीच हलंना. गेला." एवढं बोलून त्यांनी टोपी काढली, क्षणभर हातात धरली, पुन्हा घातली, आणि खिशातून लाल पुठ्ठ्याची वही काढून लिहिलं: सोमवार. अकरा सत्तावन्न. दिवा नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आता दाबा."

मागच्या खुर्चीत अश्विनी मॅडम बसल्या होत्या. सर्व्हर त्यांचा. म्हणजे कारखान्याचाच, पण त्यात लिनक्स बसवलं त्यांनी, सगळ्यांना शिकवलं त्यांनी, आणि पहिली दोन वर्षं तो इतका इमानानं चालला की त्याचं अस्तित्वच लोक विसरले. आता पाडव्यापासून तो दिवसाआड थिजायला लागला, तेव्हा सगळ्यांना त्याची आणि मॅडमची एकदमच आठवण झाली.

त्याच दुपारी शेठनी, म्हणजे आमच्या मालकांनी, आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. शेठ वाईट माणूस नाही, पण त्यांचा राग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या बैलासारखा, कुठं शिंग घालील सांगता येत नाही.

"फुकटात मिळालं म्हणून बसवलं ना तुम्ही ते लिनक्स?" ते मॅडमना म्हणाले. "फुकटच्या गाईला दात नसतात, मॅडम. शनिवारी मोठ्या कंपनीचे लोक ऑडिटला येणारेत. त्यांच्यासमोर जर हे धूड थिजलं, तर ते जाईल आणि ते बसवणारीही जाईल. शनिवार."

 मॅडमच्या नवऱ्याची पुण्यातली नोकरी दिवाळीतच गेली होती, हे मला माहीत होतं, मामांना माहीत होतं, शेठना माहीत नव्हतं. मॅडम सांगणाऱ्यातल्या नव्हत्या.

मामा म्हणाले, "शेठ, गाईला दात हायेत का नाय ते मी बघतो. पण दात शेवटी बघायचे असतेत."

शेठना याचा अर्थ लागला नाही. मला लागला, कारण मला मामा ठाऊक होते.

मामांचे वडील लासूर स्टेशनच्या बैलबाजारात हेडी होते, म्हणजे बैलांच्या सौद्यातले दलाल. मामांचं बालपण बैलांच्या पायात गेलं. सांगायचे, "नवशिका शेतकरी बाजारात आला की आधी बैलाचं तोंड फाकवतो. दात मोजतो. आन् फसतो. माझा बाप म्हणायचा, त्रिंबक, आधी बैल उभा बघ. मग चालता बघ. मग पाणी पिताना बघ. दात शेवटी." उभा बघायचा म्हणजे कोणत्या पायावर भार टाकतो ते कळतं. चालता बघायचा म्हणजे लंगडतो कुठं ते कळतं. आणि पाणी पिताना बघायचा, कारण पाणी पिताना जनावर सोंग करत नाही.

ही विद्या मामांनी बैलांवरून मोटारींवर, मोटारींवरून प्रेस मशिनीवर आणि तिथून थेट कॉम्प्युटरवर आणली. आयटीआय झालेला माणूस, इंग्रजी जेमतेम, पण बिघडलेल्या मशीनसमोर स्टूल टाकून बसायचे आणि दोन-दोन तास पाना हातात घ्यायचे नाहीत. एकदा मोठ्या प्रेसचा खडखडाट सापडत नव्हता. पुण्याहून इंजिनिअर आले, निम्मी मशीन सोडवून जमिनीवर मांडून बसले, जसं काही तिचं लग्नाचं रुखवत मांडलंय. मामा लांब स्टुलावर. शेवटी एवढंच म्हणाले, "मशीनला काय बी झालेलं नाय. तिच्या खालची फरशी फुटली." खरंच फुटली होती. इंजिनिअर जाताना मामांच्या पाया पडले म्हणतात. मी नव्हतो तिथं, पण मी असतो तर मीही हेच सांगितलं असतं.

थोरल्या लेकीला बघायला मुलगा आला, तेव्हाही तेच. पाहुण्यांना पोहे दिले, आणि मामा मुलाला म्हणाले, "जावईबापू, जरा त्या कोपऱ्यातल्या लिंबापर्यंत जाऊन येता का?" बिचारा गेला आणि आला. मग म्हणाले, "पाणी घ्या." तो पाणी पिईपर्यंत मामा त्याच्या गळ्याकडं बघत होते. पसंती झाली. मुलाचा पगार विचारायचा राहून गेला, तो मामींनी दुसऱ्या दिवशी फोनवर विचारला. आज त्या जावयाची वैजापूरला दोन दुकानं आहेत. मामा म्हणतात, "पाणी पितानाच कळलं होतं, घाई नाय माणसाला."

त्यांचं दुसरं ब्रह्मवाक्य: एका वेळी एकच बदल. मशीनमध्ये दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि ती चालू झाली, तर मामांच्या लेखी ती दुरुस्त झाली नाही, नुसती चालू झाली. "कशानं बरी झाली ते कळलंच नाय तर पुढच्या खेपेला काय करशील? दोन्ही बाटल्या पाजशील?" हे त्यांनी घरातही चालवलं. मामींनी एकदा चहात आलं आणि वेलची दोन्ही टाकलं, आणि चहा असा झाला की शेजारीही वास घेत आले. मामा म्हणाले, "झ्याक झालाय. पण कशानं?" पुढचे दोन दिवस एक दिवस नुसतं आलं, एक दिवस नुसती वेलची. तिसऱ्या दिवशी मामींनी चहा करणंच बंद केलं. तो एकच बदल मात्र मामांना फार लवकर कळला.

तर मंगळवारी सकाळी मामा स्टूल घेऊन सर्व्हरच्या खोलीत दाखल झाले.

खोली म्हणजे काय, पूर्वीचं रंगाचं स्टोअर. पत्र्याचं छत. एसी होळीच्या आसपास बंद पडला होता आणि मेकॅनिक "येऊ राह्यला" होता तो अजून येऊच राहिला होता. एसी गेल्यावर आठवड्याभरातच एका दुपारी मॅडमनी कीबोर्डवरच डोकं टेकलं. त्या दिवशी सर्व्हरच्या आधी मॅडमच हँग झाल्या. मामांनी त्यांना कांदा हुंगवला, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, आणि संध्याकाळी घरी जाऊन स्वतःच्या बैठकीतला कूलर उचलून आणला. स्कूटरवर. मी मागं बसून तो कवटाळला होता. सिग्नलला लोक आम्हाला वाट देत होते, त्यांना वाटलं वऱ्हाड आहे. तेव्हापासून तो कूलर खोलीच्या कोपऱ्यात घरघरायचा. रोज सकाळी दहाला मामा स्वतः त्यात दोन बादल्या पाणी ओतायचे, आणि मॅडमच्या खुर्चीत बसलं की अंगावर गारवा यायचा. तेवढी एकच खोली सबंध कारखान्यात माणसात होती. चलन छापायच्या निमित्तानं सगळे तिथंच येऊन बसायचे, मी धरून.

मामा मॅडमच्या आणि सर्व्हरच्या मध्ये स्टूल टाकून बसले. पाय हलवेनात, पापणी लववेनात. दुपारपर्यंत त्यांच्या टोपीवर कबुतर बसलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. मॅडमनी विचारलं, "मामा, खोलून बघायचा का?"

"बैल अजून उभाच हाय, ताई. चालू द्या जरा."

त्यांनी वहीत रकाने आखले होते. वेळ. कुणी खोलीत आलं. शेजारची प्रेस चालू की बंद. लाइटीचा दाब. खोलीतली उष्णता. सर्व्हरवर कामाचा भार. मामा जेवायला गेले की मॅडम लिहायच्या. मंगळवारी तो दोनदा थिजला, बाराला आणि अडीचला. दोन्ही वेळा दिवा नाही.

मॅडमनी आणखी एक युक्ती केली होती. सर्व्हरच्या मागून एक लांब केबल काढून शेजारच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडली होती, म्हणजे सर्व्हर जे जे बोलेल ते दुसरीकडं उमटत राहील आणि तो मेला तरी त्याचे शेवटचे शब्द हाती लागतील. मामांना हे फार आवडलं. "मरणाऱ्याच्या तोंडाशी कान," म्हणाले. दोघांनी मिळून वाचलं. काहीच नव्हतं. ओळी नेहमीसारख्या चालल्यात, चालल्यात, आणि एका शब्दाच्या मधेच थांबल्यात.

मामांनी त्या अर्ध्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ताई, तुमच्या लिनक्सचा गुन्हा नाय हा. आतून दुखणं असतं तर कण्हला असता. आजारी माणूस चार शब्द बोलून जातो. जो बोलता बोलता मधीच थांबतो ना, त्याला बाहेरून कुणी तरी मारलेलं असतं."

मॅडमच्या चेहऱ्यावर सोमवारनंतर पहिल्यांदा रंग दिसला. पण शेठना असं सांगून भागणार नव्हतं. मारेकरी दाखवायला हवा होता.

पहिला संशयित उष्णता. सगळा कारखाना म्हणत होता, उन्हाळा आहे, तापतंय, थिजतंय. मामांनी वही उघडली. खोलीत कधीच फार तापलं नव्हतं, आणि सर्व्हरच्या पोटातलं तापमानही ठीक. उष्णता निर्दोष सुटली. दुसरी संशयित लाइट. मामांनी प्रेसच्या वेळा ताडून बघितल्या, दाब बघितला, अर्थिंग तपासलं, दुसरा पॉवर सप्लाय लावून बघितला. बुधवारी साडेदहाला पुन्हा थिजला. लाइट सुटली. तिसरी संशयित मेमरी. सर्व्हरची सगळी हजर स्मरणशक्ती त्या चार हिरव्या पट्ट्यांत असते, आणि त्या तपासायचा एक प्रोग्राम असतो, तो दहा-बारा तास चालतो. बुधवारी संध्याकाळी काम संपल्यावर मामांनी तो लावून दिला आणि कुलूप घालून घरी गेले. गुरुवारी सकाळी येऊन बघतात तर पडद्यावर हिरवं रान. एकही चूक नाही. मेमरीही सुटली.

बुधवारची एक बारीक गोष्ट सांगायची राहिली. अकराच्या सुमाराला मी चलनासाठी गेलो, तेव्हा खोली भट्टीसारखी झालेली. मॅडमनी कूलर बंद केला होता. नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "मला सर्दी झालीय. गार वारा सोसत नाही." आणि दोन शिंका दिल्या, त्याही एकापाठोपाठ. मामा चहा पिऊन आले आणि दारातच थबकले.

"कूलर कुणी बंद केला?"

"मी. सर्दी झालीय, मामा. राहू दे दोन-तीन दिवस बंद."

"नाय नाय ताई, असं नाय चालायचं. आपण पॉवर सप्लाय बदललाय आज. एका वेळी एकच बदल. बाकी सगळं जिथल्या तिथं, जसंच्या तसं पायजे. तुम्ही माझं स्टूल घेऊन तिकडं दाराशी बसा, मी तुमच्या खुर्चीत बसतो." आणि कूलर चालू केला. मॅडम काहीतरी बोलायला गेल्या, पण मामांचा नियम म्हणजे दगडावरची रेघ. त्या स्टूल घेऊन दाराशी गेल्या. मामांनी वहीत इमानानं लिहिलं: मॅडमला सर्दी.

गुरुवारी तीनदा थिजला. हबीबभाईंची गाडी गेटवर इतका वेळ उभी होती की टायरला पालवी फुटायची बाकी होती. ते खिडकीशी येऊन म्हणाले, "क्या मामू, ये डब्बे को दवा-पानी दो ना कुछ. मेरेकू चाकण पहुँचनेका है, आपकू मजाक सूझ रई." मामांनी वहीत तिसरी वेळ लिहिली.  संध्याकाळी मी त्यांना चहाला नेलं, तर पेला हातात धरून म्हणाले, "तीन संशयित होते, तिन्ही सुटले. आन् खून रोज होऊ राह्यला. म्हंजे मी कुणाला तरी बघितलंच नाय." मग खालच्या आवाजात, "त्या पोरीची नोकरी गेली तर मी काय तोंड दाखवू?" त्यांचा खालचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. पुढच्या टपरीवरही ऐकू गेला असेल, पण त्यांच्या मानानं खालचाच.

शुक्रवारी साडेअकराला मी गेलो तेव्हा मामा मॅडमच्या खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. पुसला, घातला. पाच मिनिटांनी पुन्हा काढला, पुन्हा पुसला. घातला. तिसऱ्यांदा काढला आणि उजेडाकडं धरला. आणि तसाच धरून बसले.

"इकडं या," मला म्हणाले. "काय दिसतं?"

काचांवर पांढरे ठिपके होते. टाचणीच्या टोकाएवढे, वाळलेले, शेकडो.

"धूळ असेल, मामा."

"धूळ पुसली की जाते. हे खरवडावं लागू राह्यलं." त्यांनी नखानं एक ठिपका काढला आणि जिभेवर ठेवला. आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू बाजारात स्वतःचाच बैल स्वतःला विकला गेलाय.

आमच्याकडचं बोअरचं खारं पाणी ज्यांनी प्यायलंय त्यांना पुढचं सांगायला नको. ते पाणी भांड्यात उकळलं की आत चुन्याचा थर बसतो. नळाची तोटी सहा महिन्यांत पांढरी होते. सुरुवातीला मामा कूलरमध्ये नळाचं पाणी भरायचे. पाडव्याच्या सुमारास नळाला पाणी येणं आठवड्यावर गेलं, तेव्हा ते बोअरचं भरायला लागले. आणि कूलर त्याचे तुषार वाऱ्याबरोबर सोडायचा, मॅडमच्या अंगावरून, आता मामांच्या चष्म्यावरून, थेट सर्व्हरच्या तोंडात. सर्व्हरचे पंखे ते आत ओढून घ्यायचे.

मामा उठले. कूलर तसाच चालू ठेवला. भर दुपारी, कूलरच्या वाऱ्यात, तोच मेमरी तपासायचा प्रोग्राम पुन्हा लावला. सहाव्या मिनिटाला पडद्यावर लाल ओळ उमटली. मग दुसरी. मग असं लाल झालं की धुळवड बरी. रात्रभर कूलर बंद, सगळं वाळलेलं, म्हणून तपासणीत पट्ट्या शहाण्यासारख्या वागल्या. दिवसा ओल आली की त्यांच्यावर बसलेलं मीठ जागं व्हायचं आणि त्या बरळायच्या. उष्णता निर्दोष सुटली होती ती कुणामुळं? कूलरमुळं. खऱ्या चोरानंच दुसऱ्याला जामीन दिला होता.

"पाणी पिताना बघायचं राहिलं," मामा म्हणाले, एवढंच.

मग त्यांनी कूलर बंद केला, सर्व्हर बंद केला, आणि दात बघायला घेतले. चार पट्ट्या बाहेर काढल्या. सोनेरी कडांवर पांढरी बुरशी चढल्यासारखी. मी स्टोअरमधून खोडरबर आणलं. मामांनी एकेक पट्टीची कड हलक्या हातानं घासली, जसं नातवाचं नाक पुसतायत. तीन पट्ट्या उजळल्या. चौथीची कड मिठानं खाऊनच टाकली होती, ती पट्टी बदलली. खाचांतला थर मऊ ब्रशनं काढला. संध्याकाळपर्यंत सर्व्हर चालू, भार टाकलेला, दारं-खिडक्या उघड्या, आणि खोलीत एवढी उष्णता की भिंतीवरची पालसुद्धा बाहेर निघून गेली. सर्व्हर हलला नाही.

मला इतकं हलकं वाटलं की मी मामांना मिठीच मारली. हबीबभाई चलन घेऊन गेटवरून हॉर्न वाजवत गेले. मी म्हणालो, "मामा, शेठना सांगू, मेमरी खराब होती, बदलली. संपलं. कूलर आजच्या आज तुमच्या घरी."

मामांनी वही उघडून माझ्यापुढं धरली. "हे बघा. उष्णता, लाइट, प्रेस, कोण आलं, कोण गेलं, मॅडमची सर्दीसुद्धा हाय. कूलर कुठं हाय?"

नव्हता. चार दिवसांच्या नोंदी, दोन हस्ताक्षरं, आणि कूलरचं नाव कुठंच नाही. मामांच्या डोळ्यांदेखत घरघरत होता, आणि त्याला रकानाच नव्हता.

"माझा होता म्हणून दिसला नाय," मामा म्हणाले. "दुसऱ्या कुणी आणला असता तर पहिल्या दिवशी उचलून फेकला असता."

शनिवारी सकाळी नऊला, ऑडिटवाले यायच्या आधी, मामा केबिनमध्ये गेले. मॅडम आणि मी मागं. मामांनी चष्मा टेबलावर ठेवला. न पुसलेला. शेजारी ती खाल्लेली पट्टी ठेवली. आणि सगळं सांगितलं, आवाज न वाढवता.

शेठनी चष्मा उचलून बघितला. "म्हणजे लिनक्सचा काही दोष नाही?"

"त्याचा काय दोष? दीड महिना खारं पाणी प्यायला आन् तरी तुमची चलनं छापली त्यानं. बैल असता तर कवाच बसला असता."

"आणि मॅडमचा?"

"त्यांचा काय संबंध? कूलर माझा. पाणी मी भरलं. तोंड मीच तिकडं केलं. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. मला अजून वर्षभर नोकरी हाय, कमी करायची तर करा."

केबिनमध्ये एसी गारेगार चालू होता.  शेठनी कागदांचा गठ्ठा ओढला, बहुतेक काहीतरी लिहायला. काचेच्या वजनाखालचा पहिला कागद निघाला तो मामांच्या अक्षरातला अर्ज: सर्व्हर रूमचा एसी बंद आहे, दुरुस्तीस मंजुरी मिळावी. होळीच्या आठवड्यातला. सही करायची जागा कोरी.

शेठनी तो वाचला. मामांकडं बघितलं. मामा छताकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही, पण मी त्यांना ओळखतो. तो अर्ज तिथं आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. हेड्याचं रक्त होतं अंगात.

शेठनी सही केली. मग एकदम हसायला लागले. इतके हसले की बाहेरचा शिपाई पाणी घेऊन आत आला. "जा मामा," म्हणाले, "तुमचा तो कूलर घेऊन जा आधी. आणि मॅडम, ऑडिटवाल्यांना सर्व्हर तुम्हीच दाखवा."

केबिनबाहेर आल्यावर मॅडम भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की नोटीस बोर्डावरचे कागद हलले. मामा म्हणाले, "सर्दी बरी झालेली दिसती, ताई." मॅडम हसल्या.

ऑडिट पार पडलं. सोमवारी एसीचा मेकॅनिक आला, म्हणजे तो खरोखरच अस्तित्वात होता. त्यानंतर सर्व्हर एकदाही थिजलेला नाही.

मामा पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. निरोप समारंभात आम्ही त्यांना शाल दिली, नारळ दिला, आणि मग पडदा बाजूला केला. आम्ही चोरून मामींकडून त्यांचाच तो कूलर आणवला होता. निळा रंग दिलेला, नवं गवत, झेंडूचा हार, आणि पोळ्याला बैलाला बांधतात तसा वर गोंडा. सगळा कारखाना हसून हसून लोळला. मामा हसले नाहीत. ते उठले, कूलरभोवती एक पूर्ण फेरी मारली. उभा बघितला. "चालू करा," म्हणाले. चालता बघितला. मग बादली मागवली आणि स्वतः पाणी ओतून, वाकून, तो पाणी ओढताना बघितला. शेवटी पुढची जाळी उघडून आत डोकावले, आणि मान हलवली. पसंत.

हबीबभाईंनी गाडी लावली. "मामू, आगे बैठो ना," म्हणाले. मामा ऐकेनात. मागं हौद्यात कूलरशेजारीच बसले, त्याच्या गळ्यातली हाराची दोरी हातात धरून, बाजारातून जनावर घरी नेणारा माणूस बसतो तसे. गाडी गेटमधून वळली. त्यांनी एकदा टोपी काढून वर धरली, आणि पुन्हा घातली.

मॅडम आणि मी गेटशी उभे होतो. गाडी लांब गेली, मग नुसती धूळ राहिली.

"काय कमाल आहे ना मॅडम," मी म्हणालो. "मामांना दिसला नाही ते ठीक, त्यांचाच होता. पण तुम्ही तर रोज त्याच्यासमोर बसत होतात, तीच वही लिहीत होतात. तुम्हाला एकदाही त्या कूलरचा संशय आला नाही?"

मॅडम रस्त्याकडं बघत होत्या.

"मला सर्दी झालीच नव्हती," त्या म्हणाल्या.